ठाण्याहून भंडारदरा, शरदातली फेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरू लागला की ठाणे-नवी मुंबईत तेच ते प्रश्न सुरू होतात. फुलं आली का, घाट मोकळा आहे का, नवरात्रात गर्दी असते का, एका दिवसात परत येता येईल का. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर भंडारदऱ्यावर आहे, कारण डोंगर, तळं आणि गावातले सण हे तिन्ही ठाण्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत एकाच ठिकाणी मिळतात. माळशेजचा उल्लेख पुढे येईल.

नेमकं कधी जावं?

आधी तुम्हाला काय बघायचंय ते ठरवा. ‘सप्टेंबर-ऑक्टोबर’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण त्या दोन महिन्यांत डोंगर निदान चार वेळा रंग बदलतो.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उतारांवर तेरडा असतो, गुलाबी-जांभळा. त्याच सुमारास कुंपणांवर कळलावी दिसते आणि ओलसर कातळावर सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके. पाऊस अजून असतोच. धुक्यात दोन-दोन तास समोरचा डोंगरही दिसत नाही, ही तयारी ठेवून जायचं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तेवढं अगदीच नाही. पण एक जोराची सर आली की पाकळ्यांचा सडा खाली.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सोनकी. बहुतेकांच्या मनातलं भंडारदऱ्याचं चित्र म्हणजे हे दिवस: पिवळे उतार, भरलेलं तळं, वर पांढरे ढग. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरली जाते. म्हणजे सोनकीच्या दिवसांत छत्री लागतेच.

मग ऑक्टोबरच्या मध्यापासून गवत पिकतं. हिरवं, पोपटी, मग सोनेरी आणि शेवटी तांबूस. माझं मत विचाराल तर हा काळ सगळ्यांत सरस आणि सगळ्यांत दुर्लक्षित. हवा स्वच्छ, रस्ते कोरडे, फुलांची गर्दी ओसरलेली, खाचरांत भात पिवळा. दुपारी ऊन चटके देतं. सकाळ-संध्याकाळ मात्र वाऱ्याला हलणारं ते गवत बघत बसावं असं असतं. दिवाळीच्या आसपास भातकापणी सुरू झाली की गावात रस्त्यावर, अंगणात, जिथे जागा मिळेल तिथे भात दिसतो.

विलायतेसारखी लाल-केशरी झाडं दिसतात का?

नाही. निदान शरदात नाहीच. थंड देशांत दिवस लहान झाले आणि गारठा वाढला की पानातलं हरितद्रव्य ओसरतं, पिवळे रंग उघडे पडतात आणि लाल रंग नव्याने तयार होतो. आपल्याकडची पानगळ थंडीपेक्षा कोरडेपणामुळे होते. ऑक्टोबरात जमिनीत भरपूर ओल असते, त्यामुळे झाडं हिरवीगार असतात. रंग बदलतं ते गवत.

लाल पानांचाच हट्ट असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये शहापूर-मुरबाडकडच्या रानात फिरा. कुसुंबाला तेव्हा नवी पालवी फुटते, ती लालभडक असते. लांबून बघणाऱ्याला फुलंच वाटतात. सोबत पळस, पांगारा, सावर फुललेली. आपली रंगीत पानं अशी वर्षाच्या दुसऱ्या टोकाला असतात. आणि खरीखुरी शरदातली लाली भारतातच हवी असेल तर काश्मीर: ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत श्रीनगरचे चिनार पेटलेले असतात, त्याच दिवसांत पांपोरला केशर फुलतं. तो वेगळा प्रवास आणि वेगळं बजेट.

फुलं आणि नवरात्र एकाच फेरीत जमतील का?

दर वर्षी नाही. फुलं पावसाच्या हिशेबाने येतात, सण तिथीच्या. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, त्यामुळे सोनकी आणि नवरात्र हातात हात घालून आले. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक, म्हणून पुढचे सगळे सण लांबले: घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. अशा वर्षी नवरात्रात गेलात तर सोनकीचा शेवटचा बहर मिळाला तर मिळाला; सोनेरी गवत मात्र नक्की. फुलंच हवी असतील तर गणपती उठल्यावर लगेच निघा. सुट्टी टाकण्याआधी कालनिर्णय बघा.

कळसूबाईची नवरात्रातली यात्रा कशी असते? आपल्याला जाता येतं का?

येतं, आणि जावं. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आहे. पायथ्याचं गाव बारी, घोटीहून भंडारद्याला जाताना वाटेतच लागतं. नवरात्रात नऊही दिवस आजूबाजूच्या गावांतली माणसं वर जातात. हातात नारळ, डोक्यावर ओटीचं सामान, पायात साध्या चपला. आपण ट्रेकिंगचे बूट घालून धापा टाकत असतो आणि सत्तरीच्या आजीबाई ‘चला बाळा, थोडंच राहिलंय’ म्हणत पुढे निघून जातात.

कथा अशी सांगतात की काळू नावाची कोळ्यांची मुलगी गावात कामाला राहिली ती एका अटीवर, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस तेच काम तिच्यावर लादलं गेलं. ती उठून डोंगरावर गेली, ती कायमची. गावकऱ्यांना ती घरची लेक वाटते, म्हणून तिच्याकडे जाण्यात देवदर्शनाइतकाच भेटीचा भाग असतो.

चढायला सर्वसाधारण माणसाला तीन तास धरा. वाटेत अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि यात्रेत नेमकी तिथेच रांग लागते. पहाटे पाचला चढायला लागलात तर ऊन आणि गर्दी दोन्ही चुकतात. अष्टमी आणि शनिवार-रविवार एकत्र आले तर बेत बदला. यात्रेच्या दिवसांत बारीत गाडी लावायला जागा मिळणं कठीण, तेव्हा गावकरी सांगतील त्या शेताडात लावा आणि ते मागतील ते पैसे द्या.

वाघबारस म्हणजे काय? बघायला जाऊ शकतो का?

आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी, आश्विन वद्य द्वादशीला, अकोले-जुन्नर-इगतपुरी पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमध्ये वाघोबाची पूजा होते. ज्या रानात गुरं चारायची त्या रानाच्या मालकाला वर्षातून एकदा नैवेद्य, असा साधा व्यवहार आहे. गुराखी आणि पोरं घरोघर फिरून तांदूळ-गूळ गोळा करतात, वाघोबाच्या देवस्थानाशी खीर शिजते, सगळ्या वस्तीला वाटली जाते.

जाऊ शकता का? ओळखीच्या घरी राहात असाल, त्यांनी बोलावलं असेल, तर जरूर. हा तिकीट काढून बघायचा कार्यक्रम नाही. मोबाईल समोर धरून पूजेच्या मध्ये घुसणारे पाहुणे तिथल्या लोकांनी पुष्कळ बघितलेत, आणखी एकाची गरज नाही. खिरीसाठी किलोभर गूळ घेऊन गेलात तर आनंदाने बसवून घेतील.

कोजागरी तळ्याकाठी करावी असं वाटतं. जमेल?

जमेल, पण मुक्काम करूनच. आश्विन पौर्णिमेच्या रात्री आभाळ निरभ्र असेल तर तळ्याच्या पाण्यावर आणि समोर रतनगडाच्या रांगेवर जे चांदणं पडतं त्याचं वर्णन मी करत बसत नाही. २०२६ मध्ये कोजागरीची रात्र २५ ऑक्टोबरची, रविवार आहे. म्हणजे सोमवारी रजा टाकावी लागेल. मसाला दूध घरून आटवून थर्मासमध्ये घ्या किंवा शेंडीत, म्हणजे तळ्याकाठच्या मुख्य गावात, ज्यांच्याकडे उतराल त्यांना आधी सांगून ठेवा, दूध ताजं आणि दाट मिळतं.

दूध पिऊन रात्री एकला ठाण्याकडे निघण्याचा विचार मात्र सोडा. तळ्याभोवतीचा रस्ता अरुंद, गुरं रस्त्यातच बसलेली, आणि कसारा घाटात रात्री अवजड वाहनांच्या रांगा.

ठाण्याहून रस्ता कोणता? समृद्धी महामार्ग घ्यावा की कसारा घाट?

माजिवडा, खारेगाव, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, खर्डी, कसारा घाट, इगतपुरी, घोटी. घोटीला नाशिक महामार्ग सोडून उजवीकडे वळायचं, मग बारी आणि पुढे शेंडी. शेंडी हेच भंडारद्याचं मुख्य गाव.

समृद्धीचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्याने घाट टळतो, वेळ वाचतो, आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून तुम्ही थेट इगतपुरीला निघता. पण आपली खरी कोंडी घाटात नसतेच. ती माजिवडा ते वडपे या पट्ट्यात असते, आणि आमण्याला पोचायला तोच पट्टा ओलांडावा लागतो. म्हणून समृद्धीने जायचं असो वा घाटाने, पहाटे पाचच्या आत माजिवडा सुटला पाहिजे. सात वाजता निघालात तर साकेतच्या पुलावर नाश्ता करावा लागेल.

माझी पसंती अशी: जाताना कसारा घाट, येताना समृद्धी. सकाळच्या उन्हात घाटातलं रान बघायला मिळतं, आणि दमून परतताना ट्रकांच्या मागे रखडावं लागत नाही. मुळात रस्त्यालगतचे रंग बघायला निघालोय, मग जातानाच बोगद्यात शिरून काय साधणार? घोटीत टाकी भरा आणि थोडी रोकड जवळ ठेवा. शेंडीपुढे रतनवाडी, साम्रद, घाटघरकडे मोबाईलची रेंज येते-जाते, त्यामुळे क्यूआर कोडवर विसंबू नका. नकाशाही आधीच उतरवून घ्या.

नवी मुंबईहून?

महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास करत खारेगावला महामार्ग गाठा. ऐरोली-घणसोलीकरांना कळव्यावरूनही येता येतं, पण पहाटेच. पनवेल-खारघरकरांनी अर्धा-पाऊण तास जास्त धरावा.

तळ्याभोवतीची फेरी कुठून सुरू करावी?

शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेरा, पण दिवस खातो. बरेच जण मुरशेतकडून उलटे निघतात. मी तसं करू नका म्हणेन, कारण घाटघरचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि तिथे पोचायची वेळ संध्याकाळची.

सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर बघा. काळ्या दगडातलं शिलाहारकालीन काम आहे, बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं तिरप्या उन्हात उठून दिसतात. मागे रतनगड, त्याच्या परिसरात प्रवरेचा उगम. हीच प्रवरा १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवली आणि हे तळं झालं, ११ टीएमसी पाण्याचं. तुम्ही ज्याच्या काठाने चालला आहात ते सगळं पाणी खाली संगमनेर-राहाता-श्रीरामपूरच्या शेतीचं आहे.

पुढे साम्रद. सांदण दरी इथूनच, पण शरदात तिचं नाव काढू नका. पावसाळ्यात ती बंद असते आणि नंतरही बरेच दिवस आत पाणी साठलेलं असतं. डिसेंबरात या. साम्रद ते घाटघर या पट्ट्यात एका बाजूला अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांची भिंत दिसत राहते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गवत. इथे गाडी पळवायची नाही.

घाटघर म्हणजे नगरची चेरापुंजी. कड्यावरून खाली बघितलं की दिसतो तो आपलाच ठाणे जिल्हा, शहापूर तालुका. घाटघर जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण तिथे चोंढ्याजवळ आहे: मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून २५० मेगावॅट वीज करायची, मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. २००८ पासून हा खेळ चालू आहे.

सूर्य बुडाला की लगेच निघून उजेड असेतो मुरशेतपर्यंत या. सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेशशुल्क घेतात, पावती जपून ठेवा.

रस्त्याकडेची पिवळी शेतं सोनकीची असतात का?

नाही हो! सोनकी रानाची, उतारावर आपसूक येणारी. सपाट बांधबंदिस्त शेतात पिवळं दिसतं ती खुरासणी. कुणीतरी पेरलेली, निंदलेली, तेलासाठी राखलेली. तिच्या बियांची, म्हणजे कारळ्यांची, चटणी तुम्ही जेवताना मागून खाता. त्या शेतात शिरून, फुलांत लोळून फोटो काढणं म्हणजे उभं पीक तुडवणं. दर वर्षी यावरून वाद होतात आणि शेतकऱ्याचंच बरोबर असतं. बांधावर उभं राहूनही फोटो तितकाच चांगला येतो.

कारवीच्या झुडपाचंही विचारतात. ती सात वर्षांनी एकदा फुलते, आणि सगळ्या डोंगरांवर एकाच वर्षी फुलते असं नाही. फुललेली दिसली तर नशीब समजा. एरवी कुडाच्या भिंतीत तिच्या काठ्या दिसतीलच.

धबधबे असतात का?

सप्टेंबरात रस्त्याकडेला ठिकठिकाणी. ऑक्टोबरच्या मध्यानंतर छोटे आटतात. धरणाजवळचा अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, तेव्हा ‘फोटोत होता, इथे नाही’ म्हणून कुणाशी भांडू नका. रंधा धबधबा शेंडीपासून दहा-अकरा किलोमीटरवर, १७० फुटांचा, आणि त्याचंही तसंच: आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणाचं पाणी, सुटलेलं असलं तर ऑक्टोबरातही कोसळतो, नाहीतर कोरडा कातळ. कठड्यापलीकडे जाऊ नका. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे.

राजूरकडे वाकडी वाट करावी का?

पेढे आवडत असतील तर हो, राजूरचे पेढे नावाजलेले आहेत. आणि ठाणेकरांनी आणखी एका कारणासाठी करावी. राजूरजवळचं देवगाव हे आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं जन्मगाव. इंग्रज आणि सावकारांविरुद्ध या डोंगरांत त्यांनी बंड उभारलं आणि २ मे १८४८ रोजी त्यांना फाशी दिलं गेलं ते आपल्या ठाण्याच्या कारागृहात. कोर्टनाक्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? अकोले तालुक्यातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, तो सांगेल.

जेवायला काय मिळतं?

नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, गावरान कोंबडी, तळ्यातले मासे. घरगुती ठिकाणी दोन तास आधी सांगावं लागतं, कारण तुम्ही सांगितल्यावरच चूल पेटते. कापणीनंतर गेलात तर काळभात हा इथला गावठी तांदूळ विकत मिळतो का विचारा. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असलीच गावठी वाणं जपली, २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली.

एका दिवसात होईल का?

होईल, पण एकच गोष्ट होईल. कळसूबाई किंवा तळ्याची फेरी. दोन्ही कोंबायला गेलात तर दिवसभर फक्त गाडी चालवाल. मुक्कामाला एमटीडीसी आहे, शेंडीत आणि रतनवाडीपर्यंत घरगुती सोय आहे. शनिवारऐवजी मंगळवार-बुधवार जमवता आला तर दर आणि गर्दी, दोन्ही निम्म्यावर.

गाडी नाही. मग?

ठाण्याहून कसारा लोकल, तिथून बारी-शेंडीसाठी जीप मिळतात. माणसं भरल्याशिवाय निघत नाहीत. किंवा एक्स्प्रेसने इगतपुरी, मग घोटीहून राजूर-अकोल्याकडची एसटी. तळ्याच्या फेरीसाठी शेंडीत जीप ठरवा, भाव आधी बोलून घ्या.

माळशेज बरं की भंडारदरा?

सकाळी निघून दुपारी घरी यायचं असेल तर माळशेज. कल्याण, मुरबाड, टोकावडे, घाट. वर पिंपळगाव जोगा धरणाचं विस्तीर्ण पाणी आणि खिरेश्वरचं नागेश्वर मंदिर. पण घाट चढून कठड्यावर फोटो काढून परतणाऱ्यांचीच गर्दी जास्त. दोन दिवस हाताशी असतील तर माळशेजने चढा, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर करत भंडारद्याला पोचा आणि घोटीने उतरा. कोतूळ-राजूर पट्टा पर्यटकांनी अजून फारसा पाहिलेला नाही. रस्ता काही ठिकाणी खडबडीत आहे, घाई असेल तर नको.

तंबू, शेकोटी, पोहणं?

तंबू ठरलेल्या ठिकाणीच, आणि मालक गावातला आहे ना ते विचारून. शेकोटी गवतापासून लांब. ऑक्टोबरनंतर ते गवत काडीसरशी पेटतं. स्पीकर नको, हे अभयारण्य आहे. तळ्यात पोहू नका: काठ एकदम खोल होतो आणि तळाशी गाळ आहे.

आई-बाबांना नेता येईल?

नक्की. अमृतेश्वराचं मंदिर, घाटघरचा कडा, धरणाचा परिसर, सगळीकडे गाडी जवळपर्यंत जाते. स्वच्छतागृहांची अडचण मात्र खरी आहे. शेंडी सोडताना उरकून घ्या, पुढे रतनवाडीपर्यंत भरवसा नाही.

दुचाकीने?

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे जाता-येता कसारा घाटच. सप्टेंबरात शेवाळलेली वळणं आणि ऑक्टोबरात रस्त्यावर वाळत घातलेलं भात, दोन्हींवरून चाक घसरतं. भातावरून गाडी घालू नका, कडेने थांबत जा. बहुतेक वेळा कुणीतरी म्हातारी उठून तुमच्यासाठी वाट करून देते.